आयर्विनला किती?

मे महिन्यातल्या एका मंगळवारी आम्ही मुद्दाम ऑफिस बंद ठेवलं. सण नव्हता, संप नव्हता, लाईट होती, नेट होतं, बाहेर रणरणतं ऊन होतं. मीच आठवडाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, की मंगळवारी पेठेत कुणी फिरकायचं नाही, समजा पुराचं पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरलंय आणि शटर बंद आहे, आता आपापल्या घरात बसून रोजचं काम जसंच्या तसं करायचं. आमचं ऑफिस म्हणजे मी धरून सहा माणसं, किराणा आणि हळदीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब, जीएसटी, इन्कमटॅक्स. पण ऐंशी-नव्वद दुकानांची आख्खी वर्षं आमच्याकडं असतात, आमचं थांबलं की त्यांचं थांबतं. तर त्या दिवशी अकराच्या सुमाराला मला बँकेत एका सहीसाठी जावं लागलं, आणि येताना गाडी आपसूक ऑफिसच्या बोळात वळली. शटर खाली होतं. आणि शटरच्या पायरीवर आमचे ऑफिसातले काका बसलेले. पांढरा शर्ट इन केलेला, खिशाला दोन पेनं, मांडीवर लॅपटॉपची बॅग, बाजूला डबा.

मला बघून एकदम उठले, चोरी पकडल्यासारखे.

"काका, आज घरून करायचं ठरलेलं ना?" तर म्हणाले, "केलं की ताई. नवाला लावलं, चालू पण झालं. मग म्हटलं जरा येऊन बघावं, एखादी पार्टी आली बिली तर." पार्टी आली असती तर बंद शटर बघून फोन केला असता, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी "बरं बरं, ऊन फार आहे, घरी जावा" असलं काहीतरी बोलून निघाले. संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांचे मेसेज आले, एवढ्या एन्ट्र्या झाल्या, एवढी रिटर्न तयार आहेत, काकांचाही आला, नेहमीसारखा दोन शब्दांचा, "काम पूर्ण." बघायला गेलं तर दिवस चांगला पार पडला, कुणाचं काही अडलं नाही. पण रात्री झोपताना ती पायरी डोळ्यांसमोरनं हलेना. पस्तीस वर्षं जो माणूस सगळ्यांच्या आधी येऊन शटर उघडतो त्याला मी उन्हात बंद शटरबाहेर बसवलं होतं, आणि त्याला मी तयारी म्हणत होते.

सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. १९२९ सालचा कृष्णेवरचा पूल, त्याच्यापाशी मोजलेले पाण्याचे फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आकडा सांगितला की पुढचं कुणी सांगायला लागत नाही, आता सूर्यवंशी प्लॉटातली माणसं सामान काढत असणार, आता दत्तनगर, आता पेठेची पाळी. माझे बाबा जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी पेपर उघडायच्या आधी एक फोन करायचे नदीकाठच्या मित्राला, आणि आकडा ऐकून काही न बोलता चहा प्यायचे किंवा काही न बोलता चपला घालायचे. चपला घातल्या म्हणजे आज वह्या माळ्यावर चढणार.

२००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलेलं. मी तेव्हा कॉलेजात होते. पाणी उतरल्यावर बाबांनी काकांच्या हातात विटकरीचा तुकडा देऊन ऑफिसच्या भिंतीवर, जिथपर्यंत ओल आली होती तिथं एक आडवी रेघ मारून घेतली. मग सुताराला बोलावून त्या रेघेच्या वर दीड फूट सोडून चारी भिंतींना फळ्या मारल्या. वह्या फळीवर, पुढं कॉम्प्युटर आले तेही फळीवर, यूपीएस फळीवर. वर ठेवलेली वस्तू काढायला स्टूल लागायचं, आम्ही वैतागायचो, पण बाबा म्हणायचे, रेघेच्या वर असलेलं सगळं आपलं. त्यांच्यापुरती ती पक्की तयारी होती आणि खरं सांगायचं तर आख्ख्या पेठेची तशीच होती, जो तो आपल्या दुकानातली २००५ ची खूण दाखवायचा आणि निवांत असायचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ च्या वर गेलं.

त्या पुरावर खूप लिहून झालंय, इथं वाचणाऱ्यांनी तो टीव्हीवर नाहीतर स्वतःच्या अंगणात बघितलेला आहे. मला फक्त पाणी उतरल्यावरची सकाळ आठवते. शटर गाळानं घट्ट बसलेलं, पहारीनं उचकटलं. आत पेठेतल्या कुजलेल्या धान्याचा तो आंबूस वास, नाकात जाऊन बसलेला, पुढं कित्येक दिवस जेवताना यायचा. फळ्यांवरची चार कॉम्प्युटर चिखलाच्या विटांसारखी दिसत होती. वह्या फुगून एकमेकींत अडकलेल्या, ओढायला गेलं की फळीच निघून यायची. काकांनी त्यातली एक वही बाहेर काढली, पायरीवर बसले आणि नखानं एकेक पान सोडवायला लागले. शाई फुटून आख्खं पान निळं झालेलं, आकडा एक दिसत नव्हता, तरी ते सोडवत होते, जुन्या साडीच्या तुकड्यानं टिपत होते. मी म्हटलं, काका सोडा आता. तर म्हणाले, "वाळलं की दिसंल ताई." दिसलं नाही. हार्डडिस्क पुण्याला पाठवल्या, त्यातल्या एकीतलं थोडंफार निघालं. बॅकअप होता, नव्हता असं नाही, पेनड्राईव्हवर दर शनिवारी घेतलेला, पण पेनड्राईव्ह टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे वरच्या फळीच्या खालीच की. आम्हाला त्या महिन्यात काय वाचवलं असेल तर काकांच्या खिशातली डायरी. प्रत्येक पार्टीचा नंबर, लॉगिन, कोण बिलं कधी देतो, कुणाचं कुठल्या बँकेत, सगळं मुंगीएवढ्या अक्षरात. पाण्यातनं निघताना त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टोपीखाली ठेवली होती. जुलैचं थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, २० ऑगस्टला भरायचं असतं, पूरग्रस्त जिल्ह्यांना ती मुदत सप्टेंबरच्या २० पर्यंत वाढवून मिळाली म्हणून निभावलं, व्यापाऱ्यांच्या घरी जाऊन मोबाईलमधले बिलांचे फोटो गोळा करून आम्ही ती भरली. बाबा तेव्हा थकलेले होते. ऑफिसात आले, भिंतीवरच्या त्यांच्या रेघेकडं बघितलं, तिच्यावर चार फुटावर गाळाची नवी रेघ होती, आणि मला म्हणाले, "आता तू बघ."

बघायला घेतलं आणि सात महिन्यांत लॉकडाऊन आला. आता गंमत नाही सांगत, खरंच असं झालं, की पुरानंतर मी सगळं नवीन घेतलेलं पोटमाळ्यावर चढवून ठेवलं, नवे कॉम्प्युटर, नवी लाईन, आणि २५ मार्च २०२० पासून सगळं कोरडं ठणठणीत असताना आम्हालाच तिथं जाता येईना. कंपन्यांच्या रिटर्नला डिजिटल सही लागते, ती सही पेनड्राईव्हसारख्या डोंगलमध्ये, डोंगल ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली काकांकडं, काका खणभागात आणि मी विश्रामबागेत, मधे तीन नाकाबंद्या. पुढं सरकारनं कंपन्यांनाही ओटीपीवर थ्री-बी भरायला परवानगी दिली, तेव्हा तेवढी सुटका झाली. तोवर मला कळून चुकलं होतं की नदीपासून वाचवलेली वस्तू आपल्या हाताला लागेलच असं नाही. पुण्याचा माझा मावसभाऊ आयटीत आहे, त्यांच्या कंपनीनं मार्चमध्ये टेम्पोनं घरोघरी कॉम्प्युटर पोचवले, तो फोनवर सांगत होता आणि मी पोलीस पासच्या फॉर्मपुढं बसले होते. मग आम्ही एनीडेस्क शिकलो. एक मुलगा पास काढून ऑफिसात जाऊन मशिनं चालू करून यायचा आणि बाकीचे घरून ती चालवायचे. जमलं. खूप चांगलं जमलं. मला वाटलं, सुटलो.

२०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी. आयर्विन पन्नासच्या वर. आमची मशिनं पोटमाळ्यावर सुरक्षित होती, जो तो जिथं होता तिथं लॅपटॉप उघडून बसलेला, आणि पेठेची लाईट बंद केलेली. पाणी शिरलं की लाईट बंद करणारच, करायलाच पाहिजे, करंट उतरून माणसं मरतात. पण लाईट नाही म्हणजे मशीन नाही, मशीन नाही तर एनीडेस्क कशाला जोडणार. पाच दिवस आम्ही सहा माणसं एका काळ्या स्क्रीनकडं बघत बसलो. ज्या भागात नेटचे टॉवर बंद पडले तिथं तर फोनही लागेना.

तेव्हापासून डेटा क्लाऊडवर आहे. महिन्याला पैसे जातात, पहिल्या वर्षी ते मला टोचायचे, आता नाही टोचत. डोंगल माझ्या घरी आणि एक मिरजेत. सगळ्यांना ऑफिसकडनं लॅपटॉप दिले. ओटीपीसाठी प्रत्येक पार्टीच्या मालकाबरोबर मुलाचा नाहीतर मुनीमाचा दुसरा नंबर नोंदवून घेतला, कारण पुरात मालकाचा फोन चार्ज नसतो. काकांच्या डायरीतलं सगळं पासवर्डच्या ॲपमध्ये चढवायला मला दीड महिना लागला, काका वाचून दाखवायचे, मी टाईप करायचे, आणि मधे मधे ते डायरीत नसलेलंही सांगायचे, की हा माणूस एक तारखेला फोन उचलत नाही, ह्याच्या बिलांच्या गठ्ठ्यात खाली नेहमी मागल्या महिन्याचं एक असतंय, ते काढून ठेवायचं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मी 'इतर' म्हणून एक रकाना केला आणि तो सगळ्यात लांब झाला. म्हणजे मी हातावर हात ठेवून बसले नव्हते, बरंच केलं. आणि केलेलं आधी वापरून बघायला पाहिजे हेही मला पटलेलं होतं. २०२१ च्याच फेब्रुवारीत, २४ तारखेला, मुंबईचा एनएसई शेअर बाजार टेलिफोन लाईनच्या बिघाडानं ११:४० ला थांबला तो पावणेचारला परत सुरू झाला, चेन्नईत त्यांचं दुसरं केंद्र सज्ज होतं तरी त्या दिवशी काम तिकडं वळवलं गेलं नाही. ती बातमी मी तेव्हा कापून ठेवली होती. एवढ्या मोठ्यांना जे ऐनवेळी जमत नाही ते आपल्याला कोरड्या दिवशी करून बघितल्याशिवाय कसं जमणार, ह्या विचारानं तो मंगळवार ठरवलेला.

पण पायरी काही जाईना, म्हणून रविवारी मी काकांच्या घरी गेले.

इतक्या वर्षांत मी तिथं दोनदा गेले असेन, एकदा मुलाच्या लग्नाला आणि एकदा काकू आजारी होत्या तेव्हा, दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीत उभ्याउभ्या. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत एक कॉट, टीव्ही, नातवाची तीनचाकी, दोरीवर वाळत घातलेले कपडे. आत स्वयंपाक. कपाटावर एक वस्तू टॉवेलात नीट गुंडाळून ठेवलेली, वरनं रबर लावलेलं. तो लॅपटॉप होता. परक्याची मौल्यवान वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. काकूंनी पोहे केले आणि काका दुकानात दूध आणायला गेल्यावर हळूच सांगितलं. त्या मंगळवारी सकाळी आंघोळ, पूजा, शर्ट इन करून काका कॉटवर बसले. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. नातू येऊन मांडीत शिरला. सुनेचा कुकर, मुलगा रात्रपाळी करून आलेला, तो त्याच कॉटवर झोपतो, म्हणून काका खाली जमिनीवर भिंतीला टेकून. तासाभरानं पाठ भरून आली. "मीच म्हटलं त्यांना, जावा बाहेर. पण जाणार कुठं? गेले ऑफिसला." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं त्यानं मला बसल्या जागी कसंतरी झालं, की ते काम त्यांनी पायरीवर बसून केलं होतं. मोबाईलचं नेट जोडून, गॅरेजवाल्याच्या छत्रीखाली सरकत सरकत. तो "काम पूर्ण" चा मेसेज खोटा नव्हता.

काका दूध घेऊन आले. मी विषय काढला तर आधी काहीच बोलले नाहीत, मग कपबशीकडं बघत म्हणाले, "ताई, तिथं खुर्चीत बसलं की हात आपसूक चालतोय ओ. हितं बिलाबिलाला थांबून विचार कराय लागतोय. आणि घरातल्यांना वाटतंय मी बसूनच हाय, तर जरा हे आणा, जरा पोराला धरा. त्यांचंबी चूक न्हाई."

खरं आहे, त्यांचं चूक नाही. चूक माझी होती, आणि ती साधी नव्हती. दोन वर्षं मी लॅपटॉपचे रेट काढले, क्लाऊडचे काढले, इन्व्हर्टरची बॅटरी किती तास जाते ते घड्याळ लावून बघितलं, पण ज्या पाच घरांच्या भरवशावर मी हे सगळं उभं केलं त्यातलं एकही घर आतून बघितलं नव्हतं. 'घरून काम' म्हणताना मी माझं विश्रामबागेतलं घर डोळ्यांसमोर धरत होते, उंचावरचं, खिडकीजवळ टेबल असलेलं, दार लावून घेता येणारं. आणि त्याहून मोठी गोष्ट, जी मला त्या पोह्यांच्या बशीसमोर बसल्यावर दिसली, ती म्हणजे लॉकडाऊनमध्ये सगळ्यांची घरं जागेवर होती. पुरात नसतात. खणभागातलं हे घर २०१९ ला पाण्यात होतं. काका तेव्हा काकूंना घेऊन शाळेतल्या छावणीत झोपले होते आणि तिथनं मला फोन करून विचारत होते, ताई, थ्री-बीचं काय करायचं. आमची एक मुलगी शामरावनगरला राहते, तिथं नदीचं सोडा, नुसत्या मोठ्या पावसानं पाणी तुंबतं. एकजण हरिपूरचा, संगमाच्या कडेचा. म्हणजे आयर्विन पन्नासला गेलं की माझ्या सहा माणसांपैकी तिघांना कामाला घरच नाही. उरली मी, कुपवाडची मुलगी आणि मिरजेचा मुलगा. आणि ज्यांचं घर पाण्यात त्या तिघांना मी सांगणार होते, तुमच्या घराचं काय व्हायचं ते होऊ दे, लॉगिन करा.

त्या आठवड्यात मी बाकीच्यांच्या घरी पण गेले. सांगून गेले, कुणाला उगाच तपासायला आल्यासारखं वाटू नये म्हणून. शामरावनगरच्या मुलीच्या आईनं मला गॅलरीतनं समोरचा प्लॉट दाखवला, बेडूक ओरडत होते, मे महिन्यात. कुपवाडच्या मुलीचे वडील आपणहून म्हणाले, आमची वरची खोली मोकळी आहे, दोघं-तिघं राहू शकतात. हे कुठल्याही क्लाऊडवाल्यानं मला दिलं नसतं. मिरजेच्या मुलाकडं नेट चांगलं पण खोलीत चारजण. आणि आमच्या आईचं घर. बाबा गेल्यापासून त्यांची खोली तशीच होती, मोठं सागवानी टेबल, एका बाजूला त्यांची खुर्ची, समोर एक स्टूल. मला ती खोली द्यायला सुचलं नव्हतं, आईलाच सुचलं. म्हणाली, "काकांना इथं बसव. ते टेबल ओळखीचं आहे त्यांच्या."

कागद काकांनी लिहिला. मी कॉम्प्युटरवर करणार होते, पण ते म्हणाले राहू दे, लाईट गेल्यावर दिसणार न्हाई. ताव घेतला, लाल शाईनं समास आखला आणि डाव्या बाजूला तारखा नाही, फूट लिहिले. ३० ला डोंगल आणि चेकबुकं बाहेर. ३५ ला शामरावनगर आणि हरिपूरच्यांनी लॅपटॉप घेऊन कुपवाडला जायचं, आणि घरातल्या म्हाताऱ्यांची सोय आधी, मग लॅपटॉप. हे "मग" त्यांनी अधोरेखित केलं. ३८ ला सगळ्या पार्ट्यांना एकच मेसेज, आम्ही अमुक नंबरवर आहोत, बिलं पोत्यात भरून ठेवू नका, फोटो काढून पाठवा. ४० ला काका आणि काकू विश्रामबागेत आईकडं. शेवटची ओळ लिहिताना थांबले. मला विचारलं, काकूंचं नाव लिहिलं तर चालेल ना, हा ऑफिसचा कागद आहे. मी म्हटलं लिहा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांदा करून बघितलं, ह्यावेळी जो तो ठरलेल्या जागी. काका दहाला पाच कमी असताना आईच्या दारात, शर्ट इन, डबा. खोलीत गेले आणि बाबांच्या खुर्चीकडं न जाता समोरचं स्टूल ओढून बसले. मी म्हटलं खुर्ची घ्या, पाठ दुखेल. नको म्हणाले, "माझी बाजू ही." मग आईनं स्टूल नेलं आणि त्याच बाजूला डायनिंगची एक खुर्ची आणून ठेवली, तिच्यावर मात्र बसले. दुपारपर्यंत तीन किराणावाल्यांची खरेदी टाकून झाली आणि एका ठिकाणी एकच बिल दोनदा चढलेलं त्यांनी पकडलं, जे त्या मंगळवारी मशीनवर आम्ही सगळ्यांनी बघूनही सोडलं होतं. आई चहा घेऊन आली तर उठून उभे राहिले. ती कप ठेवून जरा वेळ दारात थांबली, कीबोर्डचा आवाज ऐकत. मग काही न बोलता आत गेली.

गेल्या आठवड्यात कोयनेच्या पाणलोटात पाऊस लागलाय. परवा सकाळी सहाला फोन.

"ताई, आयर्विन सत्तावीस. कागदात तीस लिहिलंय, पण मी म्हंतो आजच डोंगल काढू या. चालंल न्हवं?"

मी म्हटलं चालेल, पण तुम्ही आहात कुठं?

"पायरीवर," म्हणाले, आणि पलीकडनं शटर वर जाताना ऐकू आलं.